चुलीपाशी बोललेलं

१४ डिसेंबर २०२४
तांडा, आर्णी

भिया,

तू फोन उचलत नाहीस, मेसेजला साधा अंगठाही दाखवत नाहीस. म्हणून आता कागदावर लिहिते आणि फोटो काढून पाठवते. निळ्या टिका आल्या की वाचलंस असं समजेन. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. तोंड फुगवून बसण्यात आपलं घराणं पहिल्यापासून पुढे आहे, त्यात तू थोरला.

आधी महत्त्वाचं. जमनीच्या पायाचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, सात वर्षांच्या पोरीचा पाय इतका वाकलेला होता, पण सरळ होईल. प्लास्टर गुडघ्याच्या वरपर्यंत आहे. ते निघाल्यावर पट्ट्याचा बूट आणि व्यायाम. एप्रिलपर्यंत धर. हे सगळं वहिनीनं तुला फोनवर सांगितलंच असेल, पण ती काय सांगते ते आम्हाला कुठे कळतं!

तू गेलास त्या दिवशी याडीला, स्वतःच्या आईला, म्हणालास, "पोट्टीच्या पायासाठी या दोघींले तुह्या घरात ठेवतो. पाय बरा झाला का नेईन, मंग माहं तोंड दिसणार नाई." मी दारात उभी होते. तू गेल्यावर याडी बराच वेळ धान्याच्या कोठीला टेकून उभी होती, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते. बापू वारले तेव्हा आम्ही तुला कळवलं नाही, तू ते तिकडे बेनिनला जिनिंगच्या कामाला आलेल्या विक्कीच्या तोंडून ऐकलंस, याचा राग तू आयुष्यभर धरलास तरी मी तुला चूक म्हणणार नाही. मला याडीनं सेवाभायाची आण घातली होती. का घातली, ते आजवर तिनं मला सांगितलेलं नाही. दोन वर्षं झाली. बापूंचा विषय निघाला की ती उठून शेळ्यांकडे जाते.

आता वहिनीचं. तू जाताना मोठ्या तोऱ्यात सांगून गेलास, "तिला फ्रेंच येतं." वा! आर्णीत फ्रेंच कुणाला येतं, एसटीच्या कंट्रोलरला? पहिले आठ दिवस आम्ही हातवाऱ्यांवर काढले. ती आमच्याशी तिच्या भाषेत बोलते, अगदी सावकाश, जणू आम्हाला सगळं समजतंय. आम्ही आमच्या भाषेत. जमनीला तुझ्याकडून उचललेले चार-दोन शब्द येतात, त्यातले दोन शिव्या आहेत. शाब्बास.

वहिनीचं रफियातू हे नाव याडीच्या तोंडात बसत नाही. ती नुसतं "कोर" म्हणते. आपल्यात बाहेरच्या माणसाला म्हणतात ते. "कोरले भाकर वाढ." "कोर उठली का?" मी तिला म्हटलं, सुनेला असं म्हणतात का. तर म्हणाली, "तिले काय समजते?"

थंडी पडली आहे. वहिनी दोन शाली पांघरून बसते आणि बेनिनची माणसं गोठून मरतात की काय अशी मला काळजी वाटते.

तुझी
अंजू


८ जानेवारी २०२५

भिया,

टिका निळ्या झाल्या. आभारी आहे, साहेब.

जमनी आपली गोरबोली बोलायला लागली! तांड्यातल्या पोरांनी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून प्लास्टरसकट गावभर हिंडवली आणि महिन्याभरात ती तुझ्या-माझ्यासारखी भांडते. माझ्याशी तर मराठीतही. मी दुकानातून ब्लाउजच्या चिंध्या आणते, तिच्या बाहुलीला कपडे शिवते आणि बदल्यात तिच्याकडून माहिती काढते. दुकान बरं चालू आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते.

मी तिला विचारलं, तू आईशी बोलतेस ती भाषा कोणती. म्हणाली, अनी. मग माझ्या अज्ञानाची कीव करत सांगितलं की अनी म्हणजे एक नाही. डोंगराच्या पायथ्याची थोडीशी गावं, काही तर सीमेपलीकडे टोगो देशात, आणि प्रत्येक गावची अनी वेगळी. बासिल्याची वेगळी, आईच्या गावची वेगळी, आजीच्या माहेरची आणखी वेगळी. सगळी मिळून माणसं किती, तर आपल्या आर्णी तालुक्यापेक्षाही कमीच असतील. प्रत्येक गावाला वाटतं आपलीच खरी, बाकीचे तोंड वाकडं करून बोलतात. मी म्हटलं, यात काय विशेष, नांदेडकडच्या तांड्यातल्या बाया इकडे आल्या की आपल्या याडीचा चेहरा बघ.

आणि हेही म्हणाली की बाबा बाजारातली अनी बोलतो, चार गावची खिचडी, आणि मामा लोक मागे हसतात. मी तिला एक टॉफी जास्त दिली.

तिच्या गावची एक रीत मला फार आवडली. दुसऱ्या गावी गेलं तरी आपली बोली सोडायची नाही. ते त्यांच्या बोलीत बोलणार, आपण आपल्या. दोघांनीही कान द्यायचे. दुसऱ्याची बोली त्याच्या तोंडावर मोडकीतोडकी बोलणं तिकडे आगाऊपणाचं समजतात. जमनी नियम मोडते, पण म्हणे लहान पोरांना माफ.

आता घरातलं. याडीचं आणि वहिनीचं दुपारी चुलीपाशी बरं जमतं, हे ऐकून तुला हसू येईल. मी दुकानात असते, पण सुट्टीच्या दिवशी पाहिलं. वहिनी तुरीतले खडे निवडते आणि याडी भाकरी थापता थापता बोलते. नुसती बोलत राहते. भिया, आपल्याशी याडी इतकं कधी बोलली? मी आत गेले की गप्प. मी विचारलं, "काय सांगून राह्यलीस तिले?" तर म्हणाली, "काही नाई. भिंतीशी बोलावं तसं बोलते. मन हलकं होते." त्या दिवशी तिचे डोळे लाल होते. धुराने म्हणाली. चूल विझलेली होती.

वहिनी शहाणी आहे हो. याडीचे गुडघे दुखतात हे न सांगता ओळखते. परवा चुलीपाशी माझा जुना शिलाईचा स्टूल आणून ठेवला. नमाजाला ती कोपऱ्यात चटई टाकते. पहिल्या दिवशी याडी कुरकुरली. आता शेळी चटईकडे निघाली की याडीच तिचा कान धरून बाहेर काढते.

शेजारची बिजलीबाई रोज येते आणि वहिनीकडे जत्रेतली वस्तू पाहावी तशी पाहते. काहीबाही बोलते. ते लिहीत नाही.

अंजू


२ फेब्रुवारी २०२५

भिया,

मागच्या पत्रात "लिहीत नाही" म्हणाले होते. आता लिहावंच लागेल, कारण पाणी नाकाच्या वर चाललंय.

याडीला जमनीचं वेड लागलंय. रोज सकाळी तिच्या चांगल्या पायाला तेल लावते, म्हणते वाकड्याचा भार याच्यावर येतो. तिला आपल्या ताटात जेवू घालते. जमनी तिला दादी म्हणते आणि ती लोण्यासारखी होते. इथपर्यंत छान. पण संक्रांतीपासून तिचं आणि बिजलीबाईचं एक ठरत चाललंय. ते असं की पोरगी इथंच ठेवायची. तिचं नाव तांड्यातल्या शाळेत घालायचं. आणि एप्रिलमध्ये वहिनीला एकटीला परत पाठवायचं. "माय गेली का चार दिवस रडन पोट्टी, मंग इसरन," असं बिजलीबाई म्हणाली. पुढे तुझं नाव घेऊन म्हणाली, "प्रेम पोट्टीसाठी तरी घरी येईन. मंग पाहू त्याच्यासाठी आपल्यातली."

हे सगळं कुठे बोलतात? वहिनीसमोर! ती खडे निवडतेय, आणि या दोघी तिच्या डोक्यावरून तिच्याच पोरीची वाटणी करतायत. गोरबोलीत आहे म्हणून बिनधास्त. मी एकदा म्हटलं, "अगं, ती इथं बसली आहे." याडी म्हणाली, "बसू दे. भिंत बी तं इथंच हाय." वहिनीचा चेहरा हलला नाही. तुरीतला खडा तेवढा लांब फेकला.

मी भांडले. मला म्हणाली, "तुहं लगन होऊ दे, पोट्टं होऊ दे, मंग सांग मले." माझं लग्न हा या घरातला रामबाण आहे, कुठल्याही भांडणात चालतो.

एक खरं सांगू? मला याडीचा राग येतो आणि तिची कीवही येते. बापू गेले, तू गेलास, मीही आज ना उद्या जाईन. तिच्या हाताशी राहिली ती ही एवढी वाकड्या पायाची पोरगी. पण म्हणून दुसऱ्या आईच्या पोटातलं काढून घ्यायचं?

तू वहिनीला हे सांगणार असशील तर सांग. मी सांगू शकत नाही, मला तिची भाषा येत नाही. जमनीच्या तोंडून हे सांगायला माझं मन धजत नाही. सेवालाल जयंतीला सगळा तांडा जमतो, तेव्हा याडी फकिरा नायकापुढे विषय काढणार आहे. तांड्यानं एकदा हो म्हटलं की तुला पोरगी न्यायला जड जाईल, हे तिला पक्कं ठाऊक आहे. भिया, या वेळी तरी फोन उचल.

अंजू


१७ फेब्रुवारी २०२५

भिया,

तू फोन उचलला नाहीस. आता उचलून उपयोग नाही, झालं ते झालं. शांत बसून वाच. वाईट नाही. मी अजून पुरती भानावर आलेली नाही, त्यामुळे अक्षर बघू नकोस.

परवा जयंतीचा भोग झाला, जेवणं झाली, आणि काल सकाळी नायकाच्या अंगणात निंबाखाली बैठक बसली. फकिरा नायक आता फार म्हातारा झालाय, दात नाहीत, पण कान शाबूत. खाटेवर बसला होता. याडी जमनीला मांडीवर घेऊन पुढे. बिजलीबाई तिला खेटून. वहिनी मागे, बायांच्या कडेला, कुणाचं तरी सूप घेऊन निवडत बसलेली. ही बाई रिकामी बसतच नाही.

याडी बोलली. चांगलं बोलली, हे मान्य करते. "नायक, पोट्टी माह्या लेकाची. राठोडाचं रगत. तिचा पाय इथं बरा झाला. तिकडं कोण हाय तिचं? तिले इथं राहू द्या. मायले जाऊ द्या, मी तिले साडी-चोळी करून धाडून देतो, उपाशी नाई धाडत."

नायकानं जमनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोट्टीच्या मायचं म्हणणं कोण सांगते?"

मी उठणारच होते. खरंच उठणार होते, पदर खोचला होता. तेवढ्यात बिजलीबाई म्हणाली, "तिचं काय म्हणणं, नायक? तिले काय समजते? मैस बसली तशी बसली हाय."

वहिनीनं सूप खाली ठेवलं. पुढे आली. चपला काढल्या, नायकापासून थोडी दूर उकिडवी बसली, नजर खाली. आणि बोलायला लागली. तिच्या भाषेत. हळू आवाजात, थांबून थांबून, एकेक वाक्य झालं की जमनीकडे बघायची. आणि जमनी, भिया, याडीच्या मांडीवर बसून, ते वाक्य गोरबोलीत सांगायची.

आधी तर नमस्कारच संपेना. "माय म्हणते, नायक आजा, तुझी तब्येत बरी? घरातले बरे? बैल बरे? कापूस वेचून झाला?" दरवेळी नायकाला "हो, बरे" म्हणावं लागलं. कापसाला म्हणाला, "भाव नाई." लोक हसायला लागले.

मग जमनी म्हणाली, "माय म्हणते, बिजलीदादी, मी मैस नाई. मैस आयकते तं कान हालवते. मी नाई हालवत."

हसणं तिथंच थांबलं. बिजलीबाईचा हात तोंडावर गेला.

"माय म्हणते, आमच्याकडं गावोगाव बोली येगळी. आम्ही लहानपणापासून दुसऱ्याचं आयकून घेतो आणि आपलं आपल्या बोलीत बोलतो. तुमची बोली मले बोलता येत नाई, मी बोलून तुमचं हसू नाई करत. पण आयकू येते. पयल्या महिन्यापासून येते. मले समजत नाई असं मी कधीच म्हटलं नाई. तुम्ही इचारलंच नाई."

मी याडीकडे पाहिलं. ती पांढरी पडली होती. पोरीची मान तिच्या छातीशी, आणि त्याच पोरीच्या तोंडून हे येत होतं.

"माय म्हणते, पोट्टी राठोडाची हे खरं. आमच्याकडं बी लेकरू बापाच्या घरचं. दादीचा तिच्यावर जीव हाय, हे बी माईत हाय. दादीनं पायाले तेल लावलं, मी पाह्यलं. पण..." इथं जमनी अडली. आईनं पुन्हा सांगितलं, सोपं करून. "पण माय म्हंजे प्लास्टर नाई. पाय बरा झाला का कापून फेकाले."

मग बिजलीबाईची खोड जाते का कुठे! तिनं याडीकडे बोट करून एकदम विचारलं, "म्हंजे ही मानी चुलीपाशी बसून काय काय बोलते ते बी सारं समजलं हिले?" भिया, सगळ्या बाया पुढे सरकल्या. याडीनं वर पाहिलं. असा घाबरलेला चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता, बापू गेले तेव्हाही नाही. मला तेव्हा कळलं की दोन अडीच महिने याडी त्या चुलीपाशी नुसतं हिला नावं ठेवत नव्हती. जे आम्हाला कुणालाच सांगितलं नाही, ते सगळं तिनं तिथं ओतलं होतं. भिंत समजून.

वहिनी याडीकडे बघून बोलली. जमनीनं सांगितलं, "माय म्हणते, चारचौघांत बोललं त्याचं उत्तर मी चारचौघांत देल्लं. चुलीपाशी बोललं ते चुलीपाशी."

आणि उठली, जागेवर जाऊन सूप घेतलं. संपलं.

नायक हसला. बोळक्यानं हसला, पण डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "आपले बापदादे मिठाच्या गोण्या बैलावर घालून फिरत. बाजारात गेले का व्यापाऱ्यासमोर गोरबोलीत भाव ठरवत, त्याले काही समजत नाई म्हणून. पण शाना नायक आधी व्यापाऱ्याच्या तोंडाकडं पाहे. तो गालात हासला, म्हंजे याले बोली येते, सांभाळून बोला. आपण ते इसरलो. घरात आणली, भाकर खाऊ घातली, आन तिच्या तोंडाकडं कोणी पाह्यलंच नाई." मग काठी टेकून उठला. "पोट्टी मायजवळ राहीन. बैठक उठली."

याडीनं जमनीला उचललं. प्लास्टरसकट पोरगी जड आहे, आणि तिचे गुडघे तर तुला माहीत आहेत. पण कुणाला हात लावू दिला नाही. बायांमधून चालत गेली आणि पोरीला वहिनीच्या मांडीवर नेऊन ठेवलं. तिच्याकडे न बघता घरी गेली.

मला अभिमान वाटतो रे. कुणाचा, ते धड सांगता येत नाही. तुझ्या निवडीचा म्हण हवं तर.

अंजू


१६ मार्च २०२५

भिया,

प्लास्टर निघालं. पाय बारीक आहे, चामडी सापाच्या कातीसारखी झाली होती, पण सरळ आहे. पट्ट्याच्या बुटात ती दोन घरं चालते आणि तिसऱ्या घरी पाणी मागते. होळीला लेंगीची गाणी म्हणणाऱ्या बायांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि एका पायावर नाचली.

वहिनीनं तुला बैठकीतलं सांगितलं नसावं असं मला वाटतं. तू अजूनही माझा फोन कापतोस, म्हणजे तुला वाटतंय आम्ही अजून तसेच. जमनीला विचारलं, तर म्हणाली, माय बाबाला फक्त पायाचं सांगते.

घरात मात्र जीवघेणी शांतता होती. बैठकीनंतर याडी चुलीपाशी तोंड उघडेना. भाकरी थापायची, वाढायची, उठायची. "कोर" हा शब्द बंद झाला, पण त्याच्या जागी दुसरा आला नाही. मी एकदा सहज म्हटलं, "बोल ना तिच्याशी, आता तर समजते हे माईत झालं." मला म्हणाली, "म्हूनच तं नाई बोलता येत." मग पुढे म्हणाली, "भिंतीले कान असते तं भिंत भिंत राहत नाई, अंजे." मला वाटलं, ही आता वहिनीचा कायमचा दुस्वास करणार. आपलं गुपित ज्याच्याकडे असतं त्याच्यासमोर माणूस सरळ बसू शकत नाही.

रोजे सुरू झाले. वहिनी पहाटे उठून काल रात्रीची गार भाकरी खायची, आवाज न करता, आमची झोप मोडू नये म्हणून. तिसऱ्या की चौथ्या पहाटे मला धुराचा वास आला. उठून पाहिलं तर याडी चूल पेटवून बसलेली, तव्यावर भाकरी, दूध गरम. वहिनी दारात उभी. याडीनं स्टूल पायानं तिच्याकडे सरकवला. तेव्हापासून रोज उठते. गुडघे दुखतात म्हणून संध्याकाळी माझ्यापाशी कण्हते, पहाटे नाही.

आणि गेल्या रविवारची गोष्ट. मी घरीच होते, बाहेर पडवीत मशीनवर बसले होते. जमनी पोरांबरोबर बाहेर गेली होती. चुलीपाशी दोघीच. एकाएकी वहिनीचा आवाज. तिची भाषा. आणि ती बोलतच राहिली, किती वेळ ते सांगता येत नाही, माझी अख्खी बाही जोडून झाली. मधे मधे तिचा आवाज चढला, मधे ती हसली, आणि मग रडली. जमनी नव्हती, सांगायला कुणी नव्हतं. याडी काय करत होती माहीत आहे? हुंकार देत होती. "हां." "मंग?" "हां, माय." जणू कथा ऐकतेय.

नंतर मी विचारलं, "काय म्हणे ती?"

"मले काय माईत?" याडी म्हणाली. "एक शब्द बी समजला नाई. पण तिनं माहं दोन महिने आयकलं. मले एक दुपार आयकता येत नाई काय?"

त्यानंतर दोघी बोलतात. एकमेकींच्या भाषेत नाही, आपापल्या. याडी आता तिला रफी म्हणते. आख्खं नाव अजून जमत नाही, पण "कोर"पासून रफी म्हणजे लांबचा पल्ला आहे.

वहिनीनं जाण्याचं ठरवलंय. डॉक्टर म्हणाले की एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाय दाखवा, मग हरकत नाही. विक्की त्याच सुमारास तिकडे जिनिंगच्या मेंटेनन्सला निघतोय, त्याच्या सोबतीनं तिकीट बघायला तिनं जमनीकरवी मला सांगितलं. मी भीत भीत याडीला सांगितलं. ती म्हणाली, "पोट्टीले बूट तिकडं भेटन काय? दोन जोड घेऊन दे." एवढंच. मग शेळ्यांकडे गेली.

अंजू


१० एप्रिल २०२५

भिया,

उद्या सकाळी त्या दोघी नागपूरला निघतील. विक्की गाडी घेऊन येतोय. हे पत्र मी फोटो काढून पाठवणार नाही. वहिनीच्या पिशवीत ठेवते, म्हणजे ते आणि ती एकदमच तुझ्यापर्यंत येतील. कारण हे पत्र माझं नाही. याडीनं सांगितलं आहे, मी फक्त लिहिते आहे. ती गोरबोलीत बोलली. गोरबोली लिहायला आपल्याला कुणी शिकवलं नाही, म्हणून तिचे शब्द मला जमतील तसे उतरवते.

आधी काय झालं ते सांगते. संध्याकाळी भाकरी झाल्यावर याडीनं मला आणि जमनीला चुलीपाशी बोलावलं. वहिनी तिथंच होती. याडी तिला म्हणाली, "रफी, तू बैठकीत म्हणाली का चुलीपाशी बोललं ते चुलीपाशी. तुहं मी मानलं. आता मीच तुले सांगतो. ते चुलीपाशी ठेवू नको. सारं प्रेमले सांग. तुह्या बोलीत सांग, त्याले येते."

वहिनीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग काहीतरी विचारलं. जमनी म्हणाली, "माय इचारते, सारं?"

"सारं," याडी म्हणाली. "तुले मैस म्हटलं ते बी."

"ते बिजलीदादीनं म्हटलं," जमनी म्हणाली. आम्ही हसलो, चौघीही. मग याडीनं मला कागद घ्यायला सांगितला. पुढचं तिचं.

"प्रेम,

तुहे बापू आजारी होते तवा तुले कळवू नको असं मी अंजूले आण घालून सांगितलं. लोकाइले वाटलं मी तुह्यावर रागावली. मी रागावली नव्हती. ते कारण मी कोणालेच नाई सांगितलं, तुह्या बहिणीले बी नाई. आता तिच्या हातानं लिहून राह्यली तं तिचे बी डोळे मोठे झाले हायत. अंजे, इकडं पाहू नको, लिही.

बापू जाताना तुहं नाव घेत होते. सारखं घेत होते. एवढं मी इथं लिहू देतो. पुढं काय झालं, ते काय म्हणाले आन मी त्याइले काय म्हटलं, आन काहून तुले बोलवलं नाई, ते मी तुह्या बायकोले सांगितलं. तिले समजत नाई असं वाटलं म्हून सांगता आलं. समजते असं माईत असतं तं माह्या तोंडातून निघालंच नसतं. देवानंच ते मले उशिरा कळू देल्लं.

तुले माह्या बोलीत सांगाले मी बसली तं पयल्याच शब्दाले उठून शेळ्याइकडं जातो. म्हून तू तिच्या बोलीत आईक. मले ती बोली येत नाई, तरी माहं त्यात नीट ठेवलं असन, ह्याचा मले भरोसा हाय. माह्या बाजूनं काही लपवू नको असं मी तिले सांगितलं. ती लपवणार नाई.

पोट्टीले मी ठेवाले पाहत होती, ते बी ती सांगन. त्याच्यासाठी तुले राग येईन तं येऊ दे.

सारं आईकून झालं का मले फोन लाव. मी उचलीन. मी बोलली नाई तरी ठेवू नको. मी आईकत असन."